‘आहे’ आणि ‘असेल’ : स्पॅनिशचा एक नियम आणि आपली मुले



आपल्या शाळेतील वरच्या वर्गांची काही मुले आता स्पॅनिश शिकू लागली आहेत. या भाषेकडे ओढा वाढण्याचे कारण उघड आहे. जगातील सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, पेरू इत्यादी मिळून २० देशांची ती राजभाषा आहे. नवी दिल्ली येथे स्पेन सरकारची ‘इन्स्तितूतो सेर्वांतेस’ ही संस्था २००९ पासून काम करीत आहे. तिथे शिकण्याची व प्रमाणपत्र परीक्षेला बसण्याचीही सोय आहे.

मात्र पालकसभेत एक प्रश्न वारंवार येतो. घरी मराठी, रस्त्यावर आणि बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी. त्यात ही चौथी भाषा आली तर मुलाच्या डोक्यात खिचडी होणार नाही का? काही पालक पुढे जाऊन सुचवतात की स्पॅनिश ठेवायची तर निदान मराठीचे तास तरी कमी करावेत. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे मुलांची काळजीच आहे. परंतु ‘मातृभाषा श्रेष्ठ आहे’ एवढे म्हणून त्याचे उत्तर होत नाही. म्हणून या अंकात स्पॅनिश व्याकरणातील एकच नियम घेऊन पाहू. मुलांना तो अवघड वाटतो, वहीत लाल शाईच्या खुणा सर्वांत जास्त तिथेच होतात. हा नियम आपल्या मुलांना कोणत्या भाषेतून लवकर उमगतो, हे पाहिले की वरच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

उच्चाराविषयी दोन शब्द

या लेखात स्पॅनिश वाक्ये देवनागरीत दिली आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतील आहेत. स्पॅनिशमध्ये ‘ह’चे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि ‘व’चे अक्षर ‘ब’सारखे उच्चारतात. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

एक शाळा, दोन वाक्ये

समजा, एखाद्या शाळेला स्पॅनिशचा शिक्षक हवा आहे. ती जाहिरात देईल :

‘नेसेसितामोस उन माएस्त्रो के सेपा एस्पान्योल.’

म्हणजे, आम्हांला स्पॅनिश येत असेल असा शिक्षक हवा आहे. आता समजा, त्या शाळेला शिक्षक मिळाला. मग मुख्याध्यापक सांगतील :

‘तेनेमोस उन माएस्त्रो के साबे एस्पान्योल.’

म्हणजे, आमच्याकडे एक शिक्षक आहेत, त्यांना स्पॅनिश येते.

दोन्ही वाक्यांत ‘उन माएस्त्रो’ म्हणजे ‘एक शिक्षक’ तोच आहे. ‘के’ म्हणजे आपला ‘जो’, तोही तोच. बदलले आहे फक्त शेवटचे क्रियापद. ‘साबे’ म्हणजे ‘जाणतो’. ‘सेपा’ हे त्याच क्रियापदाचे दुसरे रूप आहे. ‘साबे’ या रूपाला निश्चयार्थ म्हणू आणि ‘सेपा’ या रूपाला संभावनार्थ. इंग्रजी पुस्तकांत या दुसऱ्या रूपाला ‘सबजंक्टिव्ह’ म्हणतात.

नियम असा आहे. ज्या माणसाविषयी किंवा वस्तूविषयी आपण बोलतो ती ठरलेली, माहितीतली असेल तर निश्चयार्थ वापरायचा. ती अजून ठरलेली नसेल, सापडलेली नसेल, किंवा मुळात आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर संभावनार्थ. पहिल्या वाक्यातील शिक्षक अजून कुणी पाहिलेला नाही. तो फक्त शाळेच्या मनात आहे. दुसऱ्या वाक्यातील शिक्षक वर्गात उभे आहेत. ‘सेपा’ आणि ‘साबे’ या दोन शब्दांत एवढा फरक आहे.

इंग्रजीच्या वाटेने का अडते?

आपल्याकडे मुलांच्या हाती येणारी बहुतेक स्पॅनिश पुस्तके इंग्रजीतून समजावतात. अडचण अशी की या जागी इंग्रजी काहीच फरक करीत नाही. ‘अ टीचर हू नोज स्पॅनिश’ हेच शब्द जाहिरातीतल्या, न मिळालेल्या शिक्षकालाही चालतात आणि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकालाही. त्यामुळे इंग्रजीत विचार करून स्पॅनिश लिहिणाऱ्या मुलाला दोन रूपे का लागतात हेच कळत नाही. मग पुस्तक त्याला एक लांबलचक यादी देते : अमुक शब्दांनंतर हे रूप, तमुक शब्दांनंतर ते. मूल ती यादी पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते.

हिंदीचा दरवाजा

आता हेच हिंदीत म्हणून पाहा.

‘हमें ऐसा शिक्षक चाहिए जो स्पैनिश जानता हो।’

‘हमारे यहाँ एक शिक्षक हैं जो स्पैनिश जानते हैं।’

पहिल्यात ‘जानता हो’, दुसऱ्यात ‘जानते हैं’. इंदुरातल्या कोणत्याही मुलाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. ‘ऐसा शिक्षक चाहिए जो जानता है’ असे कुणी म्हटले तर कानाला लगेच खटकते. हा ‘हो’ म्हणजेच स्पॅनिशमधील ‘सेपा’चा जुळा भाऊ.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हिंदी व्याकरणाची परिभाषा माझ्या परिचयाची आहे. आपल्या मध्य प्रदेशातील सागर येथे जन्मलेले पं. कामताप्रसाद गुरु यांचे ‘हिंदी व्याकरण’ काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात क्रियापदाचे पाच अर्थ सांगितले आहेत : निश्चयार्थ, संभावनार्थ, संदेहार्थ, आज्ञार्थ आणि संकेतार्थ. वर वापरलेली दोन नावे तिथूनच घेतली आहेत. म्हणजे या नियमासाठी नवी परिभाषा घडवण्याचीही गरज नाही. ती शंभर वर्षांपासून आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

एक रोजच्या वापरातले उदाहरण घेऊ. मेक्सिकोतील जेवण तिखटासाठी प्रसिद्ध आहे. तिथे एखाद्या खानावळीत बसून म्हणायचे आहे, ‘तिखट नसेल असे काहीतरी खायचे आहे.’

‘क्येरो कोमेर आल्गो के नो सेआ पिकान्ते.’

हिंदीत : ‘कुछ ऐसा खाना है जो तीखा न हो।’ इथे ‘सेआ’ म्हणजे ‘हो’. तिथल्या पदार्थांची नावे आपल्याला माहीत नाहीत, फक्त अट माहीत आहे. ‘सेआ’ऐवजी ‘एस’ म्हणजे ‘आहे’ म्हटले, तर आपल्या मनात एखादा ठरावीक पदार्थ आहे असे वाढप्याला वाटेल आणि तो विचारील, ‘कोणता?’

मराठीत ‘णारा’ आणि ‘असेल असा’

मराठीत हा फरक आहे, पण थोडा झाकलेला आहे. ‘आम्ही स्पॅनिश येणारा शिक्षक शोधत आहोत’ या वाक्यावरून शिक्षक ठरलेला आहे की कुणीही चालेल, हे नक्की कळत नाही. ‘येणारा’ हे रूप दोन्हीकडे चालते. म्हणून स्पॅनिश लिहिताना ‘णारा’ने विचार करू नये. ते वाक्य उलगडावे. ‘ज्याला स्पॅनिश येत असेल असा’ म्हटले की संभावनार्थ. ‘ज्याला स्पॅनिश येते तो’ म्हटले की निश्चयार्थ. ‘असेल असा’ आणि ‘आहे तो’ ही जोडी लक्षात ठेवली तर मराठीतूनही वाट सरळ आहे.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र मराठी थेट मदतीला येते. पुढील दोन वाक्ये पाहा.

‘आम्ही शिक्षक शोधत आहोत.’

‘आम्ही शिक्षकाला शोधत आहोत.’

पहिल्या वाक्यावर लोक अर्ज पाठवतील. दुसऱ्यावर लोक काळजीने विचारतील की सर कुठे गेले! सगळी करामत ‘ला’ या प्रत्ययाची आहे. स्पॅनिशमध्ये हेच काम ‘आ’ हा छोटा शब्द करतो.

‘बुस्कामोस उन माएस्त्रो के सेपा एस्पान्योल.’ इथे ‘आ’ नाही आणि क्रियापद संभावनार्थी. कुणीही चालेल, स्पॅनिश यावी एवढीच अट.

‘बुस्कामोस आ उन माएस्त्रो के साबे एस्पान्योल.’ इथे ‘आ’ आहे आणि क्रियापद निश्चयार्थी. एक विशिष्ट शिक्षक आहेत, त्यांना शोधत आहोत.

इंग्रजीला हा ‘आ’ सांगता येत नाही, कारण तिच्याकडे तसा प्रत्ययच नाही. मराठी मुलाने ‘ला’ लावून पाहावे, हिंदी मुलाने ‘को’ लावून पाहावे. एक अपवाद मात्र पाठ करावा लागेल. ‘आल्ग्येन’ म्हणजे ‘कोणीतरी’ आणि ‘नाद्ये’ म्हणजे ‘कोणीही नाही’ हे शब्द कर्म असतील तर त्यांच्यामागे ‘आ’ नेहमीच येतो, माणूस ठरलेला नसला तरीही : ‘बूस्को आ आल्ग्येन के सेपा एस्पान्योल.’

प्रश्न आणि नकार

एखादी गोष्ट आहे की नाही असे विचारले, किंवा ती नाहीच असे सांगितले, तरी संभावनार्थ येतो. कारण दोन्ही वेळा ती वस्तू आपल्या हाती नसते.

‘आय आल्ग्येन के सेपा माराती?’ म्हणजे, मराठी येत असेल असे कुणी आहे का?

‘नो आय नाद्ये के सेपा माराती.’ म्हणजे, मराठी येत असेल असे कुणीच नाही.

‘आय ऊना नीन्या के साबे माराती.’ म्हणजे, एक मुलगी आहे, तिला मराठी येते.

पहिल्या दोन वाक्यांत ‘सेपा’ आहे. तिसऱ्यात मुलगी सापडली, लगेच ‘साबे’ आले. हिंदीतही तसेच : ‘कोई है जो मराठी जानता हो?’, ‘ऐसा कोई नहीं जो मराठी जानता हो’, आणि मग ‘एक लड़की है जो मराठी जानती है’. परक्या गावात आजारी पडल्यावर इंग्रजी किंवा हिंदी बोलणारा डॉक्टर आहे का असे विचारायची वेळ आली, तर वाक्य याच साच्यात बसवावे लागेल. तेव्हा ही केवळ परीक्षेच्या गुणांपुरती गोष्ट नाही.

‘सांगतोस ते करतो’ आणि ‘सांगशील ते करीन’

आता असा भाग घेऊ की जिथे मराठी हिंदीइतकीच स्पष्ट आहे.

‘आगो लो के दीसेस.’ म्हणजे, तू सांगतोस ते करतो.

‘आरे लो के दीगास.’ म्हणजे, तू सांगशील ते करीन.

पहिल्या वाक्यात काय सांगितले ते ऐकलेले आहे. दुसऱ्यात ते अजून सांगायचे आहे. काहीही सांगितले जाऊ शकते. म्हणून ‘दीसेस’च्या जागी ‘दीगास’ आले.

असेच ‘बेन क्वांदो प्वेदास’, म्हणजे ‘जमेल तेव्हा ये’. ‘आस लो के क्येरास’, म्हणजे ‘वाटेल ते कर’. मराठीत ‘जमेल’, ‘वाटेल’, ‘सांगशील’, ‘म्हणशील’ ही रूपे इथे आपोआप तोंडी येतात. मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘केव्हा संभावनार्थ घ्यावा’ हे त्याचे स्वतःचे वाक्यच सांगते.

सावध राहण्याची जागा

मात्र याच ठिकाणी मराठी मुलांची एक ठरलेली चूक होते, तीही सांगितली पाहिजे. ‘जमेल’, ‘सांगशील’ ही रूपे मराठीत भविष्यकाळाची आहेत. म्हणून मुले स्पॅनिशमध्येही भविष्यकाळ घालतात. ते चालत नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहू.

‘क्वांदो येगा मी माद्रे, कोमेमोस.’ म्हणजे, आई येते तेव्हा आम्ही जेवतो.

‘क्वांदो येगे मी माद्रे, कोमेरेमोस.’ म्हणजे, आई येईल तेव्हा आम्ही जेवू.

मराठीतील दुसऱ्या वाक्यात ‘येईल’ आणि ‘जेवू’ ही दोन्ही भविष्यकाळाची रूपे आहेत. स्पॅनिशमध्ये ‘कोमेरेमोस’ तेवढे भविष्यकाळी आहे. ‘येगे’ संभावनार्थी आहे. म्हणून एक सोपी खूण ठेवा : ‘जो, जे, जेव्हा, जिथे, जसा’ या शब्दांच्या बाजूला मराठीत भविष्यकाळ आला, तर स्पॅनिशमध्ये त्याच बाजूला संभावनार्थ घ्या. ‘तो, ते, तेव्हा, तिथे, तसा’ या बाजूचा भविष्यकाळ तसाच राहू द्या.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. ‘क्वांदो’ म्हणजे ‘जेव्हा’ हा शब्द दोन्ही वाक्यांत आहे, पण एकात निश्चयार्थ आणि दुसऱ्यात संभावनार्थ आला. रोज घडणारी, अनुभवलेली गोष्ट असेल तर निश्चयार्थ. अजून घडायची असेल तर संभावनार्थ. तेव्हा एखादा शब्द दिसला की डोळे मिटून रूप बदलायचे, असे करू नये. बोलणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. यादी पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न अधिक कामाचा आहे.

काहीही होवो!

स्पॅनिश लोकांच्या बोलण्यात काही जोडवाक्ये फार येतात.

‘पासे लो के पासे’ : काहीही होवो.
‘दीगा लो के दीगा’ : तो काहीही म्हणो.
‘बेंगा क्येन बेंगा’ : कोणीही येवो.
‘क्वेस्ते लो के क्वेस्ते’ : कितीही किंमत पडो.
‘सेआ कोमो सेआ’ : कसेही असो.

उजवीकडची मराठी वाक्ये मोठ्याने वाचा. होवो, म्हणो, येवो, पडो, असो. सगळ्यांच्या शेवटी तो ‘ओ’ आहे. मराठी व्याकरणात हे तृतीय पुरुषी आज्ञार्थाचे रूप. ‘तुझे कल्याण होवो’ या आशीर्वादात ते येते आणि ‘काहीही होवो’ या निर्धारातही येते. स्पॅनिशमध्ये या जागी संभावनार्थ दोनदा येतो, मराठीत एकदा पुरतो, एवढाच फरक. आजी-आजोबांच्या तोंडी ‘असो’, ‘होवो’, ‘जावो’ ऐकत वाढलेल्या मुलाला ‘पासे लो के पासे’ परके वाटण्याचे कारण नाही.

‘क्वाल्क्येरा’ आणि ‘चाहे’

‘कोणताही’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द ‘क्वाल्क्येरा’ असा आहे. त्याची फोड करा. ‘क्वाल’ म्हणजे ‘कोणता’ आणि ‘क्येरा’ हे ‘इच्छिणे’ या क्रियापदाचे संभावनार्थी रूप. म्हणजे ‘हवा तो’. त्याचप्रमाणे ‘क्येन्क्येरा’ म्हणजे हवा तो माणूस, ‘दोन्देक्येरा’ म्हणजे हवे तिथे.

आता हिंदीत ‘चाहे जो हो’, ‘चाहे जहाँ जाओ’ हे आठवा. हा ‘चाहे’ कुठून आला? ‘चाहना’ म्हणजे इच्छिणे, या क्रियापदापासून. मराठीत ‘हवे ते’, ‘पाहिजे तिथे’, ‘वाट्टेल तसा’ ही त्याच मनोवृत्तीची रूपे. इतक्या दूरच्या भाषांनी ‘कोणताही’ सांगायला ‘इच्छा’ हाच आधार घ्यावा, ही गमतीची गोष्ट आहे. या शब्दांनंतरही न ठरलेल्या गोष्टीसाठी संभावनार्थ येतो : ‘दोन्देक्येरा के बायास, एस्क्रीबेमे’, म्हणजे ‘जिथे कुठे जाशील, मला पत्र लिही’.

एक म्हणही सांगतो : ‘आया दोन्दे फ्वेरेस, आस लो के बिएरेस.’ जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर. म्हणजे आपले ‘देश तसा वेश’. यातील ‘फ्वेरेस’, ‘बिएरेस’ ही रूपे म्हणजे भविष्यकाळी संभावनार्थ. आजच्या बोलण्यातून तो गेला, पण म्हणींत आणि कायद्याच्या भाषेत टिकला. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत गुन्ह्यांची व्याख्या करताना ही जुनी रूपे आढळतात. कायदा लिहिणाऱ्याला गुन्हा कोण करील हे ठाऊक नसते. आपल्याकडील फौजदारी कायद्याच्या हिंदी पाठातही ‘जो कोई ... करेगा’ असाच साचा आहे.

रूप कसे करावे?

नियम समजला, आता रूप. तेही फार कठीण नाही. बहुतेक क्रियापदांचे ‘मी’चे रूप घ्यावे, शेवटचा ‘ओ’ काढावा आणि स्वरांची अदलाबदल करावी. ज्या क्रियापदांचे मूळ रूप ‘आर’ने संपते त्यांना ‘ए’ लागतो. जी ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपतात त्यांना ‘आ’.

आब्लार (बोलणे) : आब्लो – आब्ले
कोमेर (खाणे) : कोमो – कोमा
बिबीर (राहणे) : बीबो – बीबा
तेनेर (जवळ असणे) : तेंगो – तेंगा
देसीर (सांगणे) : दीगो – दीगा
बेनीर (येणे) : बेंगो – बेंगा

सहा क्रियापदे मात्र या नियमात बसत नाहीत, ती पाठच करावी लागतात : सेर – सेआ, एस्तार – एस्ते, ईर – बाया, आबेर – आया, साबेर – सेपा, दार – दे.

शेवटचा मुद्दा भूतकाळाचा. ‘स्पॅनिश येत असेल असा शिक्षक हवा होता’ असे म्हणताना मराठीत ‘असेल’ तसाच राहतो. स्पॅनिशमध्ये तोही मागच्या काळात जातो : ‘नेसेसिताबामोस उन माएस्त्रो के सुप्येरा एस्पान्योल.’ ‘सेपा’चे ‘सुप्येरा’ झाले. ही रूपे पुढच्या वर्गात येतील. तोवर तसा बदल होतो, एवढे माहीत असू द्यावे.

पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

आता पुन्हा पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. वरच्या सगळ्या उदाहरणांत कोणती भाषा उपयोगी पडली? ‘जानता हो’ हिंदीने दिले. ‘शिक्षक’ आणि ‘शिक्षकाला’ यांतला फरक मराठीने दाखवला. ‘सांगशील ते करीन’ आणि ‘काहीही होवो’ ही तर घरातलीच वाक्ये. मूल एक भाषा पूर्णपणे शिकते तेव्हा त्या भाषेबरोबर काही भेद शिकते : ठरलेले आणि न ठरलेले, पाहिलेले आणि हवे असलेले, घडणारे आणि घडेल असे. असा भेद एकदा मनात बसला की दुसऱ्या भाषेत त्याचे फक्त कपडे बदलावे लागतात. म्हणून स्पॅनिशसाठी मराठीचा तास कमी करणे म्हणजे वरचा मजला बांधण्यासाठी खालच्या भिंतीच्या विटा काढणे होईल.

यात एक अट मात्र आहे. ही मदत त्याच मुलाला मिळेल ज्याची मराठी आणि हिंदी पुरी आहे. जे मूल घरी अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे इंग्रजीत बोलते, ज्याच्या कानावर ‘येईल तो’, ‘असेल तसा’, ‘काहीही असो’ अशी वाक्ये पडतच नाहीत, त्याच्याकडे हा भेद तयार नसतो. त्याला तो यादी पाठ करूनच शिकावा लागेल. तेव्हा पालकांना विनंती एवढीच की घरात मुलांशी पूर्ण वाक्यांत बोलावे, गोष्टी सांगाव्यात, म्हणी वापराव्यात. याला वेगळा खर्च नाही आणि वेगळा वेळही लागत नाही.

विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. आंद्रेस बेयो नावाचे एक मोठे शिक्षणतज्ज्ञ दक्षिण अमेरिकेत होऊन गेले. काराकास येथे त्यांचा जन्म झाला आणि पुढे ते चिली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १८४७ साली त्यांनी अमेरिका खंडातील स्पॅनिशभाषकांसाठी स्पॅनिशचे व्याकरण लिहिले. त्या काळी स्पॅनिशचे व्याकरण लॅटिनच्या साच्यात कोंबण्याची पद्धत होती. बेयो यांनी तिला विरोध केला आणि भाषा स्वतः कशी चालते ते पाहून नियम मांडले. आज आपल्या मुलांपुढे तीच स्पॅनिश इंग्रजीच्या साच्यातून येते. तिथेही हाच विचार लागू करता येईल. महिन्यातून एकदा मराठी, हिंदी आणि स्पॅनिशच्या शिक्षकांनी एकत्र बसावे आणि एकेका नियमासाठी तिन्ही भाषांतील समान वाक्यांचे एक पान तयार करावे. वर्षाअखेर दहा-बारा पाने होतील. ती छापून मुलांना दिली तर बाजारातील कोणत्याही पुस्तकापेक्षा ती आपल्या मुलांच्या अधिक उपयोगी पडतील.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत संभावनार्थ येईल की निश्चयार्थ, ते सांगा. आधी हिंदीत वाक्य करून पाहा.

१. माझा एक मित्र आहे, तो चिलीत राहतो.
२. मला चिलीत राहत असेल असा एखादा पत्रमित्र हवा आहे.
३. या वर्गात पोहता येत नसेल असे कुणी आहे का?
४. सुटी लागते तेव्हा आम्ही आजोळी जातो.
५. सुटी लागेल तेव्हा आम्ही आजोळी जाऊ.
६. तुला आवडेल ते पुस्तक घे.

उत्तरे : १ आणि ४ मध्ये निश्चयार्थ, २, ३, ५ आणि ६ मध्ये संभावनार्थ. पाचव्या वाक्यात ‘लागेल’च्या जागी संभावनार्थ येईल, ‘जाऊ’ हे भविष्यकाळातच राहील.

सहाही उत्तरे बरोबर आली असतील, तर ती तुम्हांला कुणी शिकवली याचा विचार करा. स्पॅनिशच्या पुस्तकातील तो धडा अजून पुढेच आहे. तो येईल तेव्हा या अंकाचे हे पान वहीत जवळ असू द्या.

सर्वांना नव्या भाषेच्या अभ्यासासाठी शुभेच्छा!

– प्राचार्य